बिनशर्यतीचे तीन महिने : क्रॉस कंट्री धावपटूचा उन्हाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही महाविद्यालयाच्या संघातून क्रॉस कंट्री, म्हणजे माती-गवताच्या चढउतारांवरची लांब पल्ल्याची शर्यत, धावता, तुमचा हंगाम उन्हाळा संपल्यावर सुरू होतो आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत ना शर्यत असते, ना प्रशिक्षक समोर उभे असतात. गेल्या उन्हाळ्यात तुम्ही रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर घरी पोहोचण्याच्या ईर्ष्येने धावलात, आठव्या आठवड्यात नडगी दुखू लागली आणि हंगामाच्या पहिल्या तीन शर्यती तुम्हाला कडेला उभे राहून पाहाव्या लागल्या. जुने धावपटू मात्र याच महिन्यांविषयी मोठ्या जिव्हाळ्याने बोलतात. ते खरे आहे की आठवणींवर चढलेला मुलामा आहे, आणि खरे असेल तर असा उन्हाळा घालवायचा कसा, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. शेवटी तुम्ही असेही विचारले आहे की मध्येच एखादी उन्हाळी शर्यत धावावी का.

जुने धावपटू सांगतात ते खरे आहे. मी गेली वीसेक वर्षे लांब पल्ल्याच्या धावपटूंना सराव देत आलो आहे आणि त्याआधी स्वतः क्रॉस कंट्री धावलो आहे. या काळात एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. उन्हाळ्यात ज्या गतीने धावल्यावर शरीराची पायाभरणी होते ती गती, आणि ज्या गतीने धावताना माणसाला मनापासून बरे वाटते ती गती, या दोन्ही जवळजवळ एकच असतात. हंगामात असे नसते. तेव्हा कष्टदायक तेच उपयोगी ठरते आणि धावपटूला आपल्या इच्छेविरुद्ध पाय उचलावा लागतो. म्हणून उन्हाळ्यात एखाद्याला धावणे नकोसे वाटू लागले, तर मी त्याला आळशी म्हणत नाही. त्याच्या सरावाचे प्रमाण कोठेतरी बिघडले आहे, असे समजून त्याची सरावाच्या नोंदींची वही मागवून घेतो.

याचे कारण शरीराच्या कामाच्या पद्धतीत आहे. सावकाश आणि दीर्घ धावण्याने हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त पुढे ढकलू लागतो, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या व क्षमता वाढते. स्नायू चरबीचा इंधन म्हणून अधिक उपयोग करायला शिकतात, आणि त्यामुळे शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यासाठी साखरेचा साठा शिल्लक राहतो. हे सारे बदल आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने होतात. त्यांच्यासाठी धाप लागण्याची गरज नसते, दिवसांमागून दिवस न चुकता बाहेर पडण्याची असते. याउलट वेगवान तुकड्यांच्या, म्हणजे थोडे अंतर जोरात धावून मध्ये दम घेण्याच्या, सरावाचा परिणाम काही आठवड्यांतच दिसतो, म्हणून तो हंगामाच्या तोंडावर करायचा. जो हा सराव उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करतो, त्याची उत्तम शर्यत बहुधा कोणी पाहत नसताना होऊन जाते.

हा विचार रूढ करण्याचे बरेचसे श्रेय न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याकडे जाते. त्यांचे धावपटू पायाभरणीच्या काळात आठवड्याला सुमारे 160 किलोमीटर धावत आणि विशेष म्हणजे 800 मीटर धावणारा पीटर स्नेलही त्याला अपवाद नव्हता. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगररांगेतील सुमारे 35 किलोमीटरच्या चढउतारांच्या फेरीत तो मॅरेथॉन धावपटूंच्या सोबतीने जात असे. सन 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये 2 सप्टेंबरच्या एकाच दुपारी स्नेलने 800 मीटरचे आणि त्याचा सहकारी मरे हॅलबर्गने 5000 मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा या सावकाश किलोमीटरांकडे जगाचे लक्ष गेले. हे सांगताना एक इशाराही द्यावासा वाटतो. अनेक तरुण यातला 160 हा आकडा तेवढा उचलतात. तो वर्षानुवर्षे मुरलेल्या प्रौढ धावपटूंचा आकडा होता. तुम्ही उचलायची ती क्रमाची कल्पना, म्हणजे आधी पाया आणि मग वेग.

आता तुमच्या नडगीविषयी, कारण गेल्या वर्षी तुमचा आनंद तेथेच हरवला. धावण्याचे प्रमाण अचानक वाढवले की तीन-चार आठवड्यांत दम वाढतो आणि पाय हलके वाटू लागतात, म्हणून धावपटू समजतो की सगळे शरीर तयार झाले. हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे पट्टे) मात्र फार मागे असतात. नवा भार पडला की हाड आधी स्वतःचा काही भाग विरघळवते आणि नंतर तेथे नवे, अधिक मजबूत हाड घालते. ही पूर्ण उलाढाल व्हायला तीन ते चार महिने लागतात आणि मधल्या काळात ते ठिकाण पूर्वीपेक्षा थोडे दुबळेच असते. घराची भिंत नव्याने बांधण्यासाठी जुनी उतरवली असताना छपरावर आणखी ओझे ठेवावे, तसे तुम्ही केलेत. तुमचा दम पुढे गेला होता आणि नडगी मागे राहिली होती. आठव्या आठवड्यात ते उघड झाले, इतकेच.

यावरून उन्हाळ्याचा आराखडा सोपा होतो. हंगाम संपल्यावर दहा-पंधरा दिवस अजिबात धावू नये, पोहावे, चालावे, झोपावे. त्यानंतर तुमच्या नेहमीच्या साप्ताहिक अंतराच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि ते हळूहळू, दुखण्याची कुणकुण लागल्यास थांबून, वाढवत न्यावे. दर चौथ्या आठवड्यात अंतर साधारण चतुर्थांशाने कमी करावे. आठवड्यातील सर्वांत लांब धाव एकूण अंतराच्या चतुर्थांशापेक्षा मोठी नसावी आणि एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा. आठवड्यातून दोनदा सावकाश धाव संपल्यावर 80 ते 100 मीटरच्या चार-सहा मोकळ्या धावा कराव्यात, ज्यांना धावपटू स्ट्राइड्स म्हणतात. त्यांत जोर लावायचा नसतो, केवळ पायांना वेगाची ओळख ठेवायची असते. बाकी सारे बोलण्याच्या गतीने. बोलण्याची गती म्हणजे सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल अशी. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर तुम्ही त्या गतीच्या पुढे गेला आहात.

येथे माझी एक चूक सांगतो. प्रशिक्षक म्हणून नवा असताना मी संघाच्या खोलीत एक मोठा तक्ता लावला आणि प्रत्येकाने उन्हाळ्यात दर आठवड्याला किती किलोमीटर केले ते त्यावर लिहायला सांगितले. हेतू उत्तेजन देण्याचा होता. महिन्याभरात मुले धावण्याच्या आनंदाऐवजी तक्त्यासाठी धावू लागली. एक जण रविवारी रात्री, दोन किलोमीटर कमी पडतात म्हणून, दुखऱ्या पायाने पुन्हा बाहेर पडला. हंगाम सुरू झाला तेव्हा त्या तक्त्यावर सर्वांत वर असलेल्या तिघांपैकी दोघे दुखापतीत होते. मी तक्ता काढून टाकला आणि तेव्हापासून प्रत्येकाला स्वतःची वही ठेवायला सांगतो. तीत अंतराबरोबर एक ओळ लिहायची असते, की आज धावताना काय पाहिले. कोणी रस्ता ओलांडणारे मुंगूस लिहितो, कोणी डोक्यावरून गेलेला बगळ्यांचा थवा. सलग चार दिवस ही ओळ कोरी दिसली की मला समजते, हा धावपटू मान खाली घालून घड्याळ पाहत धावतो आहे.

घड्याळाविषयी थोडे कठोर बोलतो. आठवड्यातून निदान दोन दिवस ते घरी ठेवावे. उन्हाळ्यातील गतीचे आकडे तसेही फसवे असतात. तेच श्रम केले तरी उष्ण व दमट हवेत प्रत्येक किलोमीटरला अधिक वेळ लागतो, कारण रक्ताचा मोठा वाटा त्वचेकडे उष्णता बाहेर टाकायला जातो आणि स्नायूंच्या वाट्याला कमी येतो. दाट झाडांखाली उपग्रहांवर चालणारे घड्याळ अंतरही चुकवते. मग जो आकडा चुकीचा आहे आणि बरोबर असता तरी निरुपयोगी आहे, त्यासाठी सकाळ खराब का करावी?

उष्णतेची मात्र भीती बाळगू नका, तिचा आदर करा. बहुतेक निरोगी धावपटूंचे शरीर दहा ते चौदा दिवसांत उष्णतेला सरावते, आणि हा बदल स्वतःच्या शरीरात घडताना पाहणे हा या ऋतूचा एक वेगळाच आनंद आहे. पहिल्या आठवड्यातच रक्तातील द्रवभाग वाढू लागतो, त्यामुळे त्याच गतीला नाडीचे ठोके कमी पडतात. पुढे घाम लवकर येऊ लागतो, अधिक येतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण घटते. ज्या चढावर पहिल्या दिवशी डोक्यात घण बसत होते, तोच चढ तिसऱ्या आठवड्यात गप्पा मारत पार होतो. ही कमाई टिकाऊ नसते, उष्णता सुटली की काही आठवड्यांत ओसरते. पण हंगामाच्या सुरुवातीच्या शर्यती उकाड्यातच होत असतील, तर ती नेमकी कामाच्या वेळी हाताशी असते.

क्रॉस कंट्रीच्या इतिहासात उष्णतेने मोठमोठ्यांना धडा शिकवला आहे. ऑलिम्पिकमधील शेवटची क्रॉस कंट्री शर्यत सन 1924 मध्ये पॅरिसला भीषण उष्म्यात झाली. 38 धावपटू निघाले आणि त्यांपैकी 15 जणच अंतिम रेषेपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला, पण रस्त्यात कोसळलेल्यांची दृश्ये इतकी विदारक होती की त्यानंतर ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये पुन्हा झाली नाही. सन 2007 मध्ये मोम्बासा येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत, दमट उकाड्यात, केनेनिसा बेकेले याच्यासारख्या अजिंक्य वाटणाऱ्या धावपटूला शेवटच्या फेरीत शर्यत सोडावी लागली आणि एरिट्रियाचा झेरसेनाय टाडेसे जिंकला. तेव्हा पहिले दोन आठवडे धावण्याचा वेळ कमी ठेवा, पहाटे निघा आणि तहानेप्रमाणे पाणी प्या. केवळ पाणीच लिटरमागून लिटर रिचवल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून लांब धावेच्या दिवशी मीठही पोटात जायला हवे. सोबतचा धावपटू असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला किंवा वागण्यात विचित्र दिसू लागला, तर तो उष्माघात समजावा. वैद्यकीय मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत वाट न पाहता त्याला थंड पाण्यात बसवावे किंवा सतत थंड पाणी ओतत राहावे. आधी शरीर थंड करायचे, मग रुग्णालयात न्यायचे.

इतके सांगून झाले की मला खऱ्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे जमिनीकडे, वळता येते. क्रॉस कंट्री हा मातीचा खेळ आहे, आणि माती शिकण्यासाठी उन्हाळ्यासारखा काळ नाही. हंगामात तुम्ही आखलेल्या मार्गावर धावता. उन्हाळ्यात ज्या पायवाटेविषयी उत्सुकता वाटेल तिच्यावर वळता, ती संपली तर परत फिरता, आणि वाट चुकल्यामुळे आठाचे अकरा किलोमीटर झाले तरी कोणी जाब विचारत नाही. (तहान लागण्याआधी परत याल इतके मात्र भान ठेवा.) सुटे दगड, मुळे, गवताखाली लपलेले खड्डे, मऊ रेती यांवरून धावताना घोट्याभोवतीचे लहान लहान स्नायू दर पावलाला वेगळे काम करतात, आणि पाय नजरेच्या आधी जमीन ओळखायला शिकतो. उतारावर अंग मागे टाकून टाच रोवत येणारा धावपटू आणि किंचित पुढे झुकून छोट्या, झरझर पावलांनी उतरणारा धावपटू यांच्यात शर्यतीच्या दिवशी जो फरक पडतो, तो दमाचा नसतो. तो फरक उन्हाळ्यात, पडलो तरी कोणी हसणार नाही अशा एखाद्या टेकडीवर, पुन्हा पुन्हा उतरून मिळवलेला असतो.

पायाभरणीचे सहा-एक आठवडे झाले की अशाच जमिनीवर आठवड्यातून एकदा फार्टलेक सुरू करावे. स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी 1930 च्या दशकात ही पद्धत घडवली आणि त्या स्वीडिश शब्दाचा अर्थच वेगाचा खेळ असा आहे. आजकाल पुष्कळ ठिकाणी दोन मिनिटे जलद, एक मिनिट सावकाश, अशा शिट्ट्या वाजवून जे चालते त्याला मी फार्टलेक म्हणत नाही, कारण त्यात खेळ उरलेलाच नसतो. त्या वडापर्यंत जोरात, मग श्वास खाली येईपर्यंत रमतगमत, मग समोर चढ आला आणि पायांना वाटले म्हणून पुन्हा जोरात, असे ते असावे. जो पुढे असेल त्याने ठरवावे आणि बाकीच्यांनी मागे यावे. शर्यतीत प्रतिस्पर्धी नेमका असाच, आधी न सांगता, वेग बदलत असतो. पोरखेळासारखा दिसणारा हा प्रकार कमी लेखू नका. स्वीडनचाच गुंडर हॅग वोलोडालेनच्या जंगलवाटांवर आणि बर्फात धावून तयार झाला होता, आणि सन 1945 मधील त्याचा 4 मिनिटे 1.4 सेकंद हा एक मैलाचा विक्रम नऊ वर्षे टिकला.

सोबतीचा आनंद मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे, कारण तुमच्या प्रश्नात तुम्ही एकटेच धावत असल्याचे जाणवले. क्रॉस कंट्री दिसायला एकट्याची शर्यत असली तरी तिचा हिशेब संघाचा असतो. शाळा-महाविद्यालयांत अनेक ठिकाणी सात जण धावतात, पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरजेचा संघ जिंकतो. सहावा आणि सातवा धावपटू बेरजेत धरले जात नाहीत, पण ते प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. म्हणजे संघाचे भवितव्य पहिल्यापेक्षा पाचव्यावर अधिक अवलंबून असते. वर्षातून उन्हाळा हाच एक काळ असा आहे की ज्यात पहिला आणि सातवा एकाच गतीने, खांद्याला खांदा लावून, तासभर धावू शकतात, कारण गती बोलण्याची असते. त्या तासात जी मैत्री होते तिचा शर्यतीत प्रत्यक्ष उपयोग होतो. सात किलोमीटरनंतर समोर ओळखीची पाठ दिसली की पाय आपोआप तिच्याकडे ओढले जातात. रोज जमले नाही तरी आठवड्याची लांब धाव दोघा-तिघांनी मिळून करा. जो सर्वांत हळू असेल त्याने गती ठरवायची, हा एकच नियम पुरे.

नडगीच्या संदर्भात दोन गोष्टी राहिल्या. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि त्या पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे जावे. स्नायूंच्या पसरट दुखण्याशी त्याची गल्लत करू नये. दुसरे म्हणजे, अंतर वाढते तसे खाणेही वाढले पाहिजे. उन्हाळ्यात भूक मंदावते आणि वजन उतरल्याचे कौतुक वाटते, पण शरीराला ऊर्जा कमी पडली की पहिली काटछाट हाडांच्या दुरुस्तीत होते. मुलींमध्ये मासिक पाळी अनियमित होणे किंवा थांबणे ही त्याचीच खूण असू शकते. ते जास्त सराव झाल्याचे प्रमाणपत्र नव्हे, वैद्यकीय सल्ल्याची निकड आहे. सतत थकवा वाटत असेल तर रक्तातील लोहाचा साठा तपासून घ्यावा.

राहिला उन्हाळी शर्यतीचा प्रश्न. एक धावा, त्यापेक्षा अधिक नको, आणि तीही उन्हाळ्याच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. खिळ्यांचे बूट नेऊ नका, आदल्या दिवसांतले अंतर कमी करू नका आणि स्वतःच्या वेळेसाठी धावू नका. संघातील जो पाचव्या जागेसाठी धडपडतो आहे त्याच्या बाजूने निघा आणि त्याला त्याच्या उत्तम वेळेपर्यंत घेऊन या. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांनीही नेहमीच्या वाटेवर पाऊण तास सावकाश धावावे, आणि वहीतली ओळ त्या दिवशीही कोरी ठेवू नये.